शून्य नंबरची तलवार

मुलांनो,

जून महिना आला की कापडाच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. आई म्हणते, "एक माप मोठा द्या भाऊ, वाढतं अंग आहे. दोन वर्षं तरी चालला पाहिजे." दुकानदारही समजूतदार. तो आणखी एक माप मोठा काढून देतो. मग पहिलं वर्ष शर्टाच्या बाह्या कोपराखाली लोंबतात, दुसऱ्या वर्षी शर्ट अगदी बेताचा बसतो, आणि तिसऱ्या वर्षी तो धाकट्याच्या अंगावर जातो. आपल्या अमरावतीत काय नि अकोल्यात काय, घरोघरी हेच चालतं. त्यात वाईट काहीच नाही. काटकसर आहे ती.

पण एक खेळ असा आहे, की तिथे ही काटकसर चालत नाही. तो खेळ म्हणजे तलवारबाजी. आज आपण त्यातल्या मापांची गोष्ट बोलू. आई-बाबांनीही हे पान वाचावं, कारण खरेदी तर तेच करणार!

तलवार म्हटलं की आपल्याला दांडपट्टा आठवतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीरच केलं. आपल्या आखाड्यांतून आणखी एक खेळ चालायचा, फरी-गदगा. फरी म्हणजे छोटी ढाल आणि गदगा म्हणजे तलवारीऐवजी हातात घ्यायची कातडं मढवलेली काठी. म्हणजे बघा, शिकताना खरं हत्यार वापरायचं नाही, इजा होणार नाही असं साधन घ्यायचं, ही अक्कल आपल्या उस्तादांना फार पूर्वीपासून होती. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव तुम्हाला ठाऊकच असेल. वैद्य बंधूंनी १९१४ साली ते सुरू केलं. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक झालं, तेव्हा याच मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखवले होते. गंमत म्हणजे तलवारबाजीची जागतिक संघटना स्थापन झाली १९१३ साली आणि आपलं मंडळ १९१४ साली. एका वर्षाचंच अंतर!

आज शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये जी तलवारबाजी असते, ती युरोपातून आलेली. तिच्यात तीन प्रकारची हत्यारं असतात : फॉइल, एपी आणि सेबर. फॉइलमध्ये फक्त धडावर टोक लावायचं. एपीमध्ये डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोक लागलं तरी गुण. सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग, आणि तिथे टोकाबरोबर पात्याच्या धारेच्या बाजूनंही मारता येतं. 'धार' म्हटलं म्हणून घाबरू नका, यातल्या कशालाच खरी धार नसते. टोकही बोथट असतं. फॉइल आणि एपीच्या टोकाशी छोटंसं बटण असतं. ते दाबलं गेलं की दिवा लागतो.

आता मापं पाहू. मोठ्यांच्या नियमाप्रमाणे फॉइल आणि एपीचं पातं जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर लांब असतं, सेबरचं ८८. मुठीसकट फॉइल किंवा एपीची लांबी ११० सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. सेबरची मर्यादा १०५. वजन म्हणाल तर फॉइल आणि सेबर अर्ध्या किलोपेक्षा हलके आणि एपी ७७० ग्रॅमपेक्षा हलकी हवी.

हे झालं मोठ्यांचं. मग चौथी-पाचवीतल्या मुलांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी पात्यांना नंबर असतात. ९० सेंटिमीटरचं मोठं पातं म्हणजे पाच नंबर. त्याहून अडीच सेंटिमीटर आखूड तो चार नंबर. आणखी अडीचनं कमी तो तीन नंबर. पटकन सांगा, दोन नंबरचं पातं किती लांब? बरोबर, साडेब्याऐंशी सेंटिमीटर. त्याच्याखाली एक नंबर आणि अगदी छोट्यांसाठी शून्य नंबर.

आणि खरी पंचाईत या शून्यातच आहे. आपल्याला शून्य म्हणजे परीक्षेतलं शून्य! आमच्याकडचा एक तिसरीतला पठ्ठ्या ते पातं हातात घेऊन रडवेला झाला होता. "सर, मले शून्य नंबरचं काऊन देल्लं? दादाले तं पाच नंबरचं देल्लं." त्याला वाटलं, आपल्याला खेळ येत नाही म्हणून शून्य दिलं. त्याचे बाबाही म्हणाले, "द्या ना सर मोठंच. आज ना उद्या लागणारच आहे. दोनदा कशाले घ्याचं?"

बाबांचं गणित पैशाचं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण आणखी एक गणित आहे. ते समजायला एक प्रयोग करा.

तीस सेंटिमीटरची फुटपट्टी घ्या. एका टोकाला मुठीत धरून समोर आडवी ठेवा. आता तिच्यावर, मुठीपासून साधारण दहा सेंटिमीटरवर, एक जाडसा खोडरबर ठेवा. मनगटाला काही विशेष जाणवणार नाही. आता तोच खोडरबर पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी सरकवा. काय झालं? पट्टी खाली झुकायला लागली, मनगट ताणलं गेलं. खोडरबराचं वजन वाढलं का? नाही. अंतर वाढलं. अंतर तिप्पट झालं की मनगटाला पिळणारा जोरही तिप्पट होतो. तराजूतही हाच नियम.

तलवारीचंही तसंच. दोन नंबर आणि पाच नंबर यांच्यात फरक किती? अवघा साडेसात सेंटिमीटर. तुमच्या पेन्सिलीपेक्षाही कमी! पण हे साडेसात सेंटिमीटर मुठीजवळ वाढत नाहीत, ते पार टोकाकडे वाढतात. म्हणून तराजूवर थोडाच फरक दिसतो आणि मनगटाला मोठा जाणवतो.

आता उंचीचं गणित करू. समजा एका मुलाची उंची १३० सेंटिमीटर आहे. त्याच्या हातात आपण ११० सेंटिमीटरचं मोठं हत्यार दिलं. त्याच प्रमाणात १७५ सेंटिमीटर उंचीच्या मोठ्या माणसाला हत्यार द्यायचं ठरवलं तर ते किती लांब होईल? ११० भागिले १३०, गुणिले १७५. उत्तर येतं साधारण १४८ सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ दीड मीटर! एवढी तलवार घेऊन कोणी मोठा खेळाडू खेळेल का? तो हसेल. मग लहान मुलानं का खेळावं?

आखूड पात्यानं हे प्रमाण अगदी मोठ्यांसारखं होतं असं नाही, पण हात पेलू शकेल इतपत होतं. हे न जपलं तर काय होतं, ते मैदानावर स्पष्ट दिसतं. हात थकला की मूल मनगटानं खेळणं सोडतं आणि सबंध खांदा फिरवू लागतं. टोक हवं तिथे लागत नाही. मग ते जोरात मारायला लागतं. ही सवय एकदा लागली की पुढे सुटत नाही. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा नाजूक थर असतो. हाड तिथूनच वाढतं. त्या मनगटावर रोज न झेपणारा ताण का द्यायचा?

म्हणूनच निरनिराळ्या देशांत लहान गटांसाठी पात्याच्या मापाचे नियम आहेत. अमेरिकेत दहा वर्षांखालच्या स्पर्धेत दोन नंबरपेक्षा लांब पातं चालत नाही. इंग्लंडमध्येही वयोगटाप्रमाणे नंबर ठरलेले आहेत. नीट पाहा हं, नियम 'यापेक्षा लांब नको' असं सांगतो, 'यापेक्षा आखूड नको' असं सांगत नाही. मोठ्यांच्या नियमातही ९० सेंटिमीटर ही वरची मर्यादा आहे. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या एखाद्या लहानखुऱ्या मुलीला तीन नंबरचं पातं सोयीचं वाटलं, तर ती खुशाल ते घेऊन खेळू शकते. समोरचीचं पातं थोडं लांब असेल, पण हिचं टोक हिच्या ताब्यात असेल. आणि फॉइल-एपीत शेवटी गुण मिळतो तो टोकालाच. मात्र प्रत्येक स्पर्धेचं परिपत्रक वेगळं असतं. निघण्यापूर्वी आपल्या गटाचा नंबर त्यात वाचून घ्या, ऐनवेळी पंचांशी हुज्जत नको.

हे झालं हत्याराचं. पण मापाची खरी परीक्षा असते ती अंगावरच्या कपड्यांत. तलवार मोठी झाली तर गुण जाईल. मुखवटा मोठा झाला तर मात्र डोळ्यावर बेतू शकतं.

खेळाडू चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालतो, त्याला मास्कच म्हणतात. नियम सांगतो की जाळीची तार किमान एक मिलिमीटर जाड हवी आणि जाळीचं भोक २.१ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. एवढी बारकाई कशासाठी? १९८२ साली रोमला जागतिक स्पर्धा चालू होती. व्लादिमीर स्मिर्नोव हा तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा खेळाडू. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये फॉइलचं सुवर्णपदक त्यानंच जिंकलं होतं. खेळताना प्रतिस्पर्ध्याचं पातं मोडलं आणि मोडकं टोक मास्क फोडून आत गेलं. काही दिवसांनी स्मिर्नोव वारला. प्रतिस्पर्ध्याची काहीच चूक नव्हती. तो अपघात होता. पण त्यानंतर मास्क, पात्याचं पोलाद आणि कपडे यांचे नियम फार कडक झाले. आज हा खेळ मुलांसाठी सुरक्षित समजला जातो, त्यामागे ही किंमत मोजलेली आहे. एखादा नियम जाचक वाटला तर तो कशामुळे आला असेल, हे एकदा विचारून पाहावं.

जॅकेटच्या कापडाची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ३५० न्यूटन आणि ८०० न्यूटन असे दोन आकडे तुम्हाला शिवलेल्या पट्टीवर दिसतील. ३५० न्यूटन म्हणजे साधारण ३५ किलो वजनाएवढा जोर, ८०० म्हणजे ८० किलोएवढा. जागतिक संघटनेच्या स्पर्धांना ८०० चे कपडे लागतात. पण आई-बाबांनो, एक लक्षात घ्या. कापड ८०० न्यूटनचं असलं आणि जॅकेट दोन मापं मोठं असलं, तर गळ्याशी जी फट राहते तिची ताकद शून्य न्यूटन!

म्हणून खरेदी करताना किंवा संस्थेचं सामान घेताना पुढच्या गोष्टी घरीच तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

मास्क घालून मुलाला 'हो हो' अशी मान हलवायला सांगा, मग 'नाही नाही' अशी. मग खाली वाकायला सांगा. मास्क जागचा हलला किंवा हनुवटी सुटली तर तो मोठा आहे. आत फडकं कोंबून तो बसवू नका.

मूल पवित्र्यात, म्हणजे गुडघे वाकवून उभं राहील तेव्हा जॅकेट आणि विजार यांची एकमेकांवर किमान १० सेंटिमीटर झाप पाहिजे. सरळ उभं असताना मोजू नका. वाकल्यावर, हात पुढे केल्यावर मोजा. तेव्हाच पोट उघडं पडतं.

हातमोजाची मागची बाजू हाताच्या जवळजवळ अर्ध्यापर्यंत, म्हणजे मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत यायला हवी आणि बाही तिच्या आत गेली पाहिजे. नाहीतर समोरच्याचं टोक सरळ बाहीत शिरतं.

जॅकेटच्या आत हत्याराच्या बाजूला एक अर्धं जॅकेट घालतात, त्याला प्लॅस्ट्रॉन म्हणतात. त्याच्या काखेत शिवण नसते. जुनं झालं म्हणून घरच्या मशीनवर तिथे टीप मारू नका. मुलींना छातीचं कडक कवच घालावंच लागतं, ते ऐच्छिक नाही.

आणि तुमच्या घरात कोणी डावखुरं असेल तर त्याचं जॅकेट वेगळं! ज्या हातात तलवार, त्याच्या विरुद्ध बाजूला जॅकेटची चेन हवी. उजव्या हाताच्या दादाचं जॅकेट डावखुऱ्या ताईला चालणार नाही, माप जुळलं तरीही.

आता एक प्रसंग सांगते. अमरावती जिल्ह्यातली एक पाचवीतली मुलगी अकोल्याला स्पर्धेला गेली. बडनेरा, मूर्तिजापूर करत सकाळच्या गाडीनं. जॅकेट चुलतभावाचं. आजीनं बाह्या आत दुमडून बारीक टाके घातलेले. ते टाके उसवले की जॅकेट पुन्हा पहिल्यासारखं, कापड कुठे कापलं नव्हतं, म्हणून ते चाललं. मास्क मात्र मोठा. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी तिला मान हलवायला सांगितली आणि मास्क थेट नाकावर आला. "बेटा, यानं खेळता येणार नाही." मुलगी उभीच राहिली. रडली नाही, पण हलेना. पहाटे चारला उठून आलेली होती ती.

तेवढ्यात रांगेतली मागची मुलगी पुढे आली. तिनं आपला मास्क काढून दिला. "माझी मॅच तिच्यानंतर आहे. तोवर घे." ती दुसऱ्या जिल्ह्याची. पुढच्या फेरीत त्या दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मास्क एकच! मग संयोजकांनी तिसरीकडून एक मिळवला. कोण जिंकलं? मास्क देणारी. पाच-तीन. हरलेल्या मुलीनं मास्क काढून रीतसर सलामी दिली आणि हात मिळवला. या खेळात सामन्याच्या आधी आणि नंतर सलामी द्यावीच लागते, तो नियमच आहे. पण मास्क देणं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं.

आई-बाबा म्हणतील, "हे सगळं खरं हो, पण पैशाचं काय? दर दोन वर्षांनी नवं कुठून आणायचं?" प्रश्न रास्त आहे. भारताची पहिली ऑलिंपिक तलवारबाज भवानी देवी, चेन्नईची. तिनंही २००४ साली शाळेत खेळ सुरू केला तेव्हा सरावाला बांबूच्या काठ्या असायच्या, कारण खरी हत्यारं महाग. तीच मुलगी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर खेळली आणि पहिला सामना १५-३ असा जिंकली. म्हणजे सामान साधं असलं म्हणून अडत नाही. (मात्र मुलांनो, मास्कशिवाय घरी काठ्यांनी खेळायला जाल तर माझ्याशी गाठ आहे!)

उपाय आपल्याच घरात आहे. जूनमध्ये आपण जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत घेतो-देतो की नाही? ते जमतं, कारण पाचवीचं पुस्तक पाचवीतल्याच मुलाकडे जातं. कोणी तिसरीतल्या मुलाला "पुढे लागेलच" म्हणून पाचवीचं पुस्तक देत नाही. तलवारबाजीचंही तसंच करता येईल. शाळेत किंवा क्रीडामंडळात एक कपाट ठेवायचं. त्यात मास्क, जॅकेट, हातमोजे मापाच्या चिठ्ठ्या लावून ठेवायचे. शून्य आणि दोन नंबरची पाती संस्थेनं घ्यायची. मूल मोठं झालं की त्यानं आपलं माप परत करायचं आणि पुढचं न्यायचं. कपडे देण्याआधी शिवण, गंज आणि जाळी कोणातरी जाणत्यानं तपासायची. दहा घरांनी दहा मोठी जॅकेटं घेण्यापेक्षा दहा घरांनी मिळून चार मापांचं कपाट भरणं स्वस्त पडतं.

शेवटी एक नाजूक गोष्ट. हे सगळे नियम उभे आहेत ते एका कागदावर, जन्मतारखेच्या. आपल्याकडे मागच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला किंवा १ जुलैला असायचा. घरी नोंद नाही, मग गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टरात सोयीची तारीख लिहायची. तेव्हा ते अज्ञानानं घडत असे. आज मात्र कुणी मुद्दाम वय कमी दाखवून मोठ्या मुलाला लहान गटात उतरवत असेल, तर काय होतं बघा. त्याच्याही हातात दोन नंबरचंच पातं असेल. तपासणीत सगळी मापं बरोबर निघतील. पण समोर उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला तेरा वर्षांच्या हाताचा जोर सोसावा लागेल. पातं मोजता येतं, जाळी मोजता येते. खरेपणा मोजायची पट्टी मात्र टेबलावर नसते, ती घरूनच आणावी लागते. पालकहो, एका पदकासाठी आपल्या मुलाला पहिला धडा खोटेपणाचा देऊ नका. त्यालाही ठाऊक असतं, आपलं खरं वय काय ते.

तो शून्य नंबरवाला पठ्ठ्या आता दोन नंबरवर आला आहे. परवा त्यानंच पहिलीतल्या एका नव्या मुलीला समजावलं, "शून्य म्हणजे नापास नसते वं. तो आपल्या हाताचा नंबर असते. हात वाढला का नंबर वाढते."

मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

आता तुमचं काम. तुमच्या शाळेतल्या खेळसामानाच्या खोलीत जा. बॅट, चेंडू, रिंग, काठ्या, सगळं पाहा. बास्केटबॉलची मोठ्यांची रिंग ३.०५ मीटर उंच असते आणि मिनी बास्केटबॉलची २.६० मीटर. तुमची किती आहे, मोजा. तुमच्या उंचीच्या मुलांना पेलेल असं काय काय आहे आणि काय नाही, याची यादी करा. ती आपल्या सरांना किंवा बाईंना द्या आणि एक आम्हालाही पत्रानं पाठवा.

तुमची,
बाई